भगवंतरावांची खुर्ची

चिंतामण कारकून रोज संध्याकाळी माणसं बसवायचा. खरी नव्हेत, चिंचोक्यांची. खानावळीतून जेवून आला की खोलीत चटई अंथरायची, चिंचोके ओळीनं मांडायचे आणि स्वतःलाच कोडं घालायचं. बाकावर पाच जण आहेत, गणू टोकाला बसत नाही, तुळशीरामला गणूच्या उजव्या हाताला जागा हवी, महादूचं आणि तुळशीरामचं पटत नाही, तर मधोमध कोण? पूर्वी दोन वर्षं तो शाळामास्तर होता, तेव्हा कारकुनीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी त्यानं अशी कोडी रचली होती. मास्तरकी सुटली, मुलं सुटली, कोडी तेवढी राहिली. बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली, जवळचं म्हणावं असं कोणी उरलेलं नाही, आणि बदलीच्या गावात कारकुनाशी लोक बोलतात ते कामापुरतं. कोड्यांत घालायला ओळखीची नावंसुद्धा पुरत नसत, ती तो कचेरीतल्या फेरफाराच्या कागदांतून उचलायचा. एकटेपणावर कोणी भांग पितो, कोणी भजनी मंडळात झांजा कुटतो. हा चिंचोके मांडायचा, आणि मला तरी त्यात काही वाईट दिसत नाही.

त्या थंडीत बुलढाण्याहून डिप्टी कमिशनरसाहेब दौऱ्यावर यायचे होते आणि तालुक्याच्या गावी दरबार भरायचा होता. साहेबांसमोर पहिल्या ओळीत सहा खुर्च्या. साहेबाला त्या सहा खुर्च्यांचं काय वाटत होतं देव जाणे, पण तालुक्यातल्या मोठ्या घराण्यांचा जीव त्यांत अडकला होता. कोण कोणाच्या वर बसला, यावर पुढची पाच वर्षं लग्नं ठरायची आणि मोडायची. तहसीलदारसाहेबांनी हे झेंगट चिंतामणच्या गळ्यात टाकलं. "तुम्हाला नाद आहे ना," ते म्हणाले, आणि सगळी कचेरी हसली.

चिंतामणची रीत ठरलेली होती. ज्याची जागा हलत नाही त्याला आधी बसवायचं, मग ज्याच्या अटी जास्त त्याला, आणि ज्याला काहीच अट नाही त्याला उरलेल्या जागी. पुंजाजी देशमुखांना पहिली खुर्ची, नाहीतर ते येणारच नव्हते. वामनराव वकील कानानं अधू, साहेबाचं ऐकू यावं म्हणून दुसरी. जिनिंगवाल्या शेठना तंबाखू थुंकायला उठावं लागे, त्यांनी आपणहून शेवटची मागितली. राहिले दोघे जाधव बंधू. वाटण्यांवरून त्यांच्यात कोर्ट चाललेलं. थोरल्याला धाकट्याच्या वर बसायचं होतं, आणि शेजारी बसायला दोघंही तयार नव्हते.

सहावी खुर्ची भगवंतराव देशमुखांची. ती पिढ्यान्‌पिढ्या ओळीत चौथी असायची, पण भगवंतराव श्रावणात वारले होते. हेडकारकून म्हणाले, काढून टाका ती, पाचच ठेवा. चिंतामणनं चिंचोके सरकवून पाहिले. चौथी काढली की जाधव बंधू एकमेकांना चिकटत होते. कसंही फिरवलं तरी चिकटत होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर बैलांची दमणी थांबली. धाड गावाकडून भगवंतरावांची विधवा सरस्वतीबाई आली होती. ती आत आली नाही. व्हरांड्यात खांबाच्या आडोशाला बसली, आणि तिचं ऐकून घ्यायला चिंतामणला बाहेर पाठवण्यात आलं.

"मालकाची खुर्ची रिकामी राहू द्या, बाबूजी," ती म्हणाली. "कोनी बसू नये तिच्यात."

"का बरं?"

"मले दत्तक घ्यायचा हाये. नात्यातलं पोरगं पाहून ठेवलं हाये. पन घर एकत्रातलं, दिराची संमती पायजे. दीर देऊन नाही राह्यला. आता पंचाइसमोर कबूल झाला, का सरकारनं दादाची खुर्ची रिकामी ठेवली तर अंगठा देतो. कोनी बसलं, तर मालकाचं घर मोडलं, आन मंग सारं त्याचं."

दीर म्हणजे उकंडराव. त्याची खात्री होती की सरकार मेलेल्या माणसासाठी खुर्ची ठेवत नाही.

चिंतामणला हसू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. तिला हवं होतं तेच त्याला हवं होतं. तिसरा थोरला जाधव, पाचवा धाकटा, मध्ये रिकामी खुर्ची. कोडं सुटलं होतं. "राहील रिकामी," तो म्हणाला. "माझा शब्द."

सरस्वतीबाई लगेच उठली नाही. तिनं विचारलं, "जेवन कोन करते तुमचं?"

"खानावळ आहे."

"घरी कोनी नाही?"

"नाही."

"असं," ती म्हणाली. मग ती दमणीत जाऊन बसली. पण चिंतामण दोन दिवस ते बोलणं मनात घोळवत राहिला. या गावात त्याच्या जेवणाची चौकशी करणारी ती पहिली व्यक्ती होती.

दरबाराच्या सकाळी शामियाना सजला. माणसं आपापल्या खुर्च्यांवर बसली, कोणी कुरकुरलं नाही. मागच्या उभ्या गर्दीत उकंडराव कडक इस्त्रीचा कोट घालून आला होता. वेळूच्या चिकाच्या पडद्याआड बायका होत्या, त्यांत सरस्वतीबाई असणार हे चिंतामणला माहीत होतं. साहेबांची मोटार गावाच्या वेशीशी आल्याचं शिपायानं सांगितलं, आणि तेवढ्यात तहसीलदारांची नजर चौथ्या खुर्चीवर गेली.

"ही रिकामी का?"

चिंतामणनं सांगितलं. तहसीलदारांनी ऐकूनच घेतलं नाही. बहिष्काराचे दिवस होते, शेजारच्या तालुक्यात दोन दरबारी आलेच नव्हते आणि तिथल्या तहसीलदाराला त्याचा जाब द्यावा लागला होता. "साहेब काय समजतील? काँग्रेसवाला झाला म्हणून आला नाही, असंच ना? काढा ती."

"काढली तर जाधव उठून जातील, साहेब. मग दोन खुर्च्या रिकाम्या."

"मग बसवा कोणाला तरी." त्यांनी मागं पाहिलं. "तो कोण, भगवंतरावांचा भाऊच ना? त्याला बोलवा."

उकंडराव पुढं सरकलासुद्धा. चिंतामणनं चिंचोके सरकवावेत तसा झटकन विचार केला. खुर्ची ठेवायची आहे. ती रिकामी दिसायला नको. उकंडराव तिच्यात बसायला नको. तर मग असा माणूस हवा ज्याचं तालुक्यात घर नाही, शेत नाही, नातं नाही, जो बसला तरी कोणी बसलं असं होणार नाही. असा माणूस त्याला एकच ठाऊक होता.

"मी बसतो, साहेब," तो म्हणाला.

आणि तो बसला. बँड वाजला, साहेब आले, भाषण सुरू झालं. थोरल्या जाधवांनी पानाचा डबा उघडून त्याच्यापुढं धरला. त्यानं विडा घेतला. मग धाकट्यांनी, बहुधा थोरल्यानं केलं म्हणूनच, हळूच विचारलं, "कोनतं गाव म्हनायचं तुमचं?" त्यानं गाव सांगितलं. ते म्हणाले, तिकडची संत्री गोड असतात. डावीकडं एक माणूस, उजवीकडं एक माणूस, दोघांचे कोपर त्याच्या कोपरांना लागत होते. चिंतामणला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दरबार आणखी थोडा लांबावा असंही त्याच्या मनात आलं.

पुढच्याच आठवड्यात पंच बसले. चिंतामण रजा टाकून, कोणी बोलावलं नसताना धाडच्या बाजूला सरस्वतीबाईच्या गावी गेला. देवळाच्या सभामंडपात मध्ये पुंजाजी देशमुख आणि बाजूला थोरले जाधव होते. उकंडराव म्हणाला, "खुर्ची रिकामी नव्हती. साऱ्या तालुक्यानं पाह्यलं."

चिंतामण उभा राहिला. "खुर्ची रिकामीच होती, असं धरा. मी फक्त कचेरीचं काम म्हणून बसलो होतो. मी म्हणजे काही कोणी नव्हे."

पुंजाजींनी थोरल्या जाधवांकडं पाहिलं.  जाधव माणूस वाईट नव्हता.

"बाबूजी," ते म्हणाले, "मी तुमाले पान देलं. तुमी घेतलं, खाल्लं. आता पंचात बसून मी कसं म्हनू, का तिथं मानूस नव्हता?"

चिंतामण खाली बसला. उकंडरावाला अंगठा द्यावा लागला नाही. पंच उठले. दत्तकासाठी पाहिलेलं पोरगं बापाचं बोट धरून परत गेलं.

चिंतामण सरस्वतीबाईच्या दाराशी गेला. आता वर्षाच्या आत हे दार उकंडरावाचं होणार होतं, आणि तिला एखाद्या खोलीत दिराच्या मर्जीनं दिवस काढायचे होते. शब्द दिला होता तो मोडला, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते त्यानं म्हटलं. ती चौकटीला टेकून उभी होती. रडलेली दिसत होती, पण आता रडत नव्हती.

"तुमी चांगल्यासाठीच केलं," ती म्हणाली. "दूरून आले. पाट मांडला हाये, जेवून जा."

ओसरीवर पाट मांडलेला होता, पुढं ताट वाढलेलं होतं. चिंतामण पायरीवरच घुटमळला, वळून त्यानं रस्त्याकडं पाहिलं. "अजून कोण यायचंय?" त्यानं विचारलं.

सरस्वतीबाईनं पाटाकडं बोट दाखवलं.

"कोनी नाही, बाबूजी," ती म्हणाली. "तुमचाच हाये तो. साऱ्याइले बरोबर मोजता तुमी, सोतालेच काऊन नाही मोजत?"