केबलचा हात

"अक्का, ही वायर पण फिरून परत आली," कविता म्हणाली.

मी खुर्ची सरकवून तिच्या पडद्याकडे पाहिलं. परदेशातल्या एका इंजिनाचं ॲनिमेशन करायचं होतं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जायची वायर हिने वळवून पुन्हा बॅटरीलाच चिकटवली होती. दिवा बिचारा तसाच.

"टोकं का जोडलीस गं?"

"हात आपोआप जातो ना. टोक उघडं सोडलं तर घरी आई ओरडते."

ओरत्तनाडूच्या या पोरीचा हात रोज सकाळी दारातल्या कोलमच्या रांगोळीवर बसलेला. ठिपक्यांभोवती वळणं घेत रेष निघाली तिथेच परत आणायची. उघडी राहिली तर म्हणे लक्ष्मी निघून जाते.

"इंजिनात लक्ष्मी नसते, वीज असते," मी म्हटलं. "सोड टोक."

नव्व्याण्णव साल संपत आलं होतं. तंजावुरात साउथ मेन स्ट्रीटला, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत आमचा स्टुडिओ. कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. तिथली मी केबलवाली. माऊसने रेष कितीही देखणी वळवा, शेवटी चित्र तयार होतं तेव्हा ती गायब, कारण तिला जाडीच नसते. एक छोटं वर्तुळ त्या रेषेवरून ओढत न्यायचं, तेव्हा कुठे केबल उभी राहते. वळण जरा आवळलं की ती तिथे चेपते. हे मला चांगलं जमतं, आणि तेच माझ्या मुळावर आलं.

आम्हाला काम देणाऱ्या चेन्नईच्या मोठ्या स्टुडिओने पोंगलनंतरसाठी आमच्यातलं एक माणूस मागितलं होतं. तिथे चेहरे करतात, चालणारी माणसं करतात. मला जायचं होतं. स्वतःहून जावं तर तिथे मला ओळखतं कोण? कामावर नाव आमच्या मालकांचं, हनुमंतरावांचं.

"सरि, बरं, जा," ते म्हणाले होते. "पण मागे केबल कोण करील? एक हात तयार कर आणि खुशाल जा."

म्हणून मी कविताला शिकवत होते. हातचं काही राखलं नाही. मी चिडायचे, टपली मारायचे, पुन्हा काढून दाखवायचे. मार्गळी महिन्याच्या थंडीत तिची केबल माझ्या केबलशेजारी ठेवली तर मलाच फरक कळेना. मी मनात बॅग भरली.

मग हनुमंतरावांनी बोलावलं. "पोरगी छान तयार केलीस, विनुता."

"मग मी कधी निघू?"

ते चष्मा पुसत राहिले. "कविताला पाठवतोय."

"तिला तर मी शिकवलंय, सार."

"तेच ना. इतक्या लवकर तयार केलीस. तू गेलीस तर पुढच्या पोरीला कोण शिकवील? तुझ्यावाचून माझं पान हलत नाही."

अगदी कौतुकाने बोलत होते. शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. मी मान हलवून बाहेर आले. स्वतःच्या त्या मानेचा मला अजून राग येतो.

जिन्यात कविता रडत उभी होती. "मी नाही जात, अक्का."

"जातेस तू. तुझ्या जागी मी असते तर मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं."

हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही, खरंच होतं ते. ती पाया पडली आणि पापनाशमच्या मावशीला सांगायला म्हणून लगबगीने बस धरायला गेली.

घरी आले तर दिवे लागले होते आणि अप्पा स्वयंपाकघरात. आई गेल्यापासून तिथे माझ्याशिवाय कुणी चूल पेटवली नव्हती. अप्पांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं; पाणी प्यायलाही हाक मारायचे.

"बस पानावर," ते म्हणाले. "रसम केलंय मी. शेजारच्या कमलाक्षीला विचारून विचारून. तू चेन्नैला गेल्यावर मला यायला हवं ना."

मी बसले. चिंच कच्ची राहिली होती आणि मीठ हात सुटल्यासारखं पडलं होतं. वाढणाऱ्या बोटांवर चटक्याचे डाग होते, वर हळद लावलेली.

"कसं झालंय? खरं सांग. जमेल मला?"

"जमेल, अप्पा," मी म्हटलं. "उद्या मीठ थोडं कमी घाला." आणि भात पुढे ओढून आणखी रसम मागितलं.