घनश्यामच्या बाजूचं पायडल

आमच्याकडे पायाने दाबायचं जे जे काही असेल त्याला पायडल म्हणतात. शिलाई मशीनचं पायडल, सायकलचं पायडल. यवतमाळच्या दवाखान्यात ह्यांचं डायलिसिस होतं, तिथल्या कचऱ्याच्या बादलीलासुद्धा पायडल आहे. सिस्टर ते दाबते, झाकण उघडतं, रक्ताने भिजलेला कापूस आत जातो. दोन वर्षं मी त्या बादलीसमोरच्या बाकावर बसत होते. तिची मला इतकी चीड आली होती की सांगता सोय नाही.

दर सोमवारी आणि गुरुवारी आम्ही घाटंजीहून भाड्याच्या गाडीनं जायचो. एकदा परतताना ह्यांना गाडीतच उलटी झाली. ड्रायव्हरनं नाकाला रुमाल लावला तो घर येईपर्यंत काढला नाही. हे तहसील कचेरीत रुबाबात राहिलेले. मधुसूदनराव म्हटलं की लोक खुर्ची सोडायचे. घरी आल्यावर म्हणाले, "आता परक्याच्या गाडीत मी बसणार नाही. पुरे झालं." पुरे म्हणजे डायलिसिसच पुरे. आमचा सलील बंगळूरहून फोनवर रागावला, मी रडले, कशाचा उपयोग नाही. यवतमाळला खोली घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "मरायला भाड्याची खोली काहून पाहिजे?"

शेवटी मी म्हटलं, मी गाडी शिकते. आमची गाडी पोर्चमध्ये धूळ खातच पडली होती. आधी ते हसले, मग गंभीर झाले. "तू चालवशील तर येईन," म्हणाले. "तुझ्यासमोर कसली लाज, सुहास? तू शिकेपर्यंत जातो मी नाक मुठीत धरून. पण तोवरच."

घनश्याम माझा शाळेतला विद्यार्थी. चौकात त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवायच्या गाडीत डावीकडेही पायडलं असतात, शिकवणाऱ्याच्या पायाशी. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त समोर पाहा अन् स्टेअरिंग धरा. पायाचं मी पाहून घेतो." मला वाटलं, सुरुवातीचे चार दिवस असेल. क्लच त्यानं माझ्याकडून घोटून घेतला. ब्रेकबद्दल मात्र कधी चकार शब्द काढला नाही, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. कारण गाडी थांबतच होती की! मी जन्मभर शिलाई मशीन चालवलेली बाई. पाय हलता ठेवला की सुई चालते, पाय थांबला की सुई थांबते. गाडीचंही मी तेच धरून चालले. एक्सलेटरवरून पाय उचलायचा, ब्रेकला नावापुरता टेकवायचा, की गाडी कशी शहाण्यासारखी उभी राहायची. माझ्या वयाला हे इतकं सोपं गेलं म्हणून मी मनातून फुशारले होते. परीक्षाही त्याच्याच गाडीत झाली, तो बाजूलाच बसलेला. लायसन आलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. हे घरातून ओरडून सांगत होते, "आमच्या ड्रायव्हरीणबाई!" त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा असं मोकळं हसताना पाहिलं.

लायसन आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी आमची गाडी बाहेर काढली. ह्यांनी पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. जणू लग्नाला निघालो होतो. शेजारची विमलताई दारात येऊन हात हलवत होती. गल्ली झाली, वळण झालं, चौकाकडचा उतार लागला. पुढे शाळेची एक मुलगी सायकलवर चालली होती. मी पाय उचलला आणि गाडी थांबायची वाट पाहिली.

गाडी थांबली नाही. उलट उतारावर वेग घेऊ लागली. पाय ब्रेकला टेकवला, नेहमीसारखा, तरी काही नाही. मला खरंच कळेना की आता करायचं काय. "अगं दाब! दाब ना!" हे ओरडले आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी गचका खाऊन बंद पडली, पण त्याआधी सायकलच्या मागच्या चाकाला लागली होती. मुलगी रस्त्यावर आडवी झाली.

तिचा गुडघा सोलला होता, कोपरातून रक्त येत होतं. उठली, उभी राहिली, रडू लागली. माणसं जमली. कुणी म्हणालं, "या वयात काहून चालवता, आजी?" घनश्याम दुकानातून धावत आला. मी त्याच्यावरच तुटून पडले. "ब्रेक का लागला नाही रे? काय शिकवलंस तू मला?"

तो म्हणाला, "बाई, मी माझ्याकडून दाबत होतो. रोज. तुम्हाले काकांची घाई होती. लायसन लवकर भेटावं म्हणून... अन् तुमच्यावर मी कसा ओरडू? हळूहळू सांगीन म्हटलं."

त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं. त्यानं चांगलंच चिंतलं होतं, म्हणून ते जास्त झोंबलं. "आजपासून मी नेतो काकाले," तो म्हणाला. "दर खेपेला नेतो."

"नको," गाडीतूनच हे म्हणाले. आवाज चढवला नाही, काही नाही. त्या पोरीकडे बघत होते. "तिच्या घरी कळव. तिला आधी दवाखान्यात ने, घनश्याम."

गाडी तिथेच सोडून आम्ही चालत घरी आलो. ते माझ्या खांद्यावर हात टाकून, मध्ये मध्ये थांबत. मी सारखी बडबडत होते. आजचा दिवस घनश्यामसोबत जाऊ, दुपारी तर दुपारी. मी पुन्हा शिकते, दुसऱ्या कुणाकडे, जो मला शिव्या देईल अशाकडे. पंधरा दिवस द्या मला फक्त.

"शिक ना," ते म्हणाले. "गाडी आलेली बरी असते. पुढे तुला एकटीला लागेल."

मी चप्पलही न काढता पायरीवरच बसले. ते आत स्वयंपाकघरात गेले. भांड्याचा आवाज आला म्हणून मी मागे गेले, तर माठापाशी उभे राहून ते पाणी पीत होते. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला पाणी मापानं मिळतं, घोट घोट. त्यांनी मोठा तांब्या भरून घेतला होता आणि घटाघटा पीत होते, शर्टावर सांडत. तो संपवून त्यांनी पुन्हा बुडवला.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट पकडलं. "अहो, काय करताय हे? मरायचंय का?"

"सुहास," ते म्हणाले, "तहान लागली आहे गं." मुलानं आईला सांगावं तसं म्हणाले. दोन वर्षांत एकदाही त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं.

मी त्यांचा हात सोडला.