काळे दाणे

ईश्वरी नावाच्या वेलाचं सगळ्यात खालचं पान कुरतडलेलं होतं. शेजारी तनू उभी. वय अडीच वर्षं, ओठ हिरवे.

मी आत दोन पोळ्या भाजल्या, तेवढ्यात.

वेल विषारी आहे हे मला माहीत होतं. बॉटनी शिकलेय मी. लाल अंगाची काळी फुलपाखरं या वेलावर अंडी घालतात, म्हणून कुरुळीतल्या भाड्याच्या खोलीबाहेर, गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या बादलीत तो लावला. "घरात लेकरू आहे, बघ बाई," नवरा, सुजित, म्हणाला होता. मी खालून जाळी बांधली. आज ती एका बाजूनं सुटलेली.

"तनू, हे पान खाल्लंस?"

"हो."

"खरं सांग. खाल्लंस?"

"हो."

"चप्पल खाल्लीस?"

"हो," ती खुशीत म्हणाली.

सुजितचा फोन बंद. कंपनीच्या गेटवरच जमा करून घेतात. तनूला कडेवर घेऊन मी जिन्याकडे धावले. घरमालकीण सुभद्राबाई गच्चीवरून उतरत होत्या.

"मावशी, रिक्षा बघा! हिनं विषारी पान खाल्लंय!"

"अगं थांब की! कोथिंबिरीची वडी खाल्लीय तिनं. म्याच दिली वर जाताना. तू गॅसपाशी व्हतीस."

"मग पान कुणी खाल्लं? दोन्ही खाल्लं असेल तर?"

त्या माझ्यामागून वेलापाशी आल्या. फरशीवर रोजच्यासारखे काळे दाणे पडले होते. त्यांचा पाय पडू नये म्हणून मी ते बाजूला सारले. "समोरच्या कारखान्याच्या शेडची काजळी. रोज झाडते."

"शेड सोमवारपासनं बंद हाय, पोरी. आज शुक्रवार."

मी खाली बसले. एक दाणा चिमटीत चुरला. काजळीनं बोट काळं झालं असतं. यानं हिरवं झालं.

पान उलटलं. मागे लालसर काट्यांची काळी अळी निवांत चघळत होती. चार दिवस मी तिची विष्ठा झाडत होते आणि शेडवाल्याला शिव्या देत होते.

"घे, सापडला चोर," मावशी म्हणाल्या. "आता रिक्षा राहू दे ना?"

"राहू दे."

पण तनूचं तोंड उघडून मी दोनदा हुंगलं. कोथिंबीर. लसूण. बाकी काही नाही. तिचा हात तोवर अळीकडे निघालाच होता. तो धरला, आणि दुसऱ्या हातानं जाळी माझ्या खांद्याइतकी वर ओढून बांधली. दोन गाठी मारल्या. मग तिसरी.