गजाला तेल

मीरासाहेबांच्या दारात उभं राहिलं की सुभद्राचा उजवा हात आधीच दुखायला लागायचा. अजून सारंगीला शिवलेलीही नसायची, तरीसुद्धा. गेल्या दिवाळीपासून उस्तादांनी तिच्याकडून दुसरं काही करून घेतलंच नव्हतं. एकच तार, आणि तिच्यावरून घोड्याच्या केसांचा गज या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा, परत आणायचा. मध्ये सूर थरथरला की पुन्हा पहिल्यापासून. वर्गातल्या मुली पेटीवर भजनं काढायला लागल्या, आणि ही आपली अजून घासतेच आहे. घासणं म्हटलेलं उस्तादांना खपत नसे, म्हणून ते मनातल्या मनात.

मीरासाहेब पूर्वी एका नाटक कंपनीत साथीला असायचे. कंपनी बुडाली, तसे ते चिंचवडात बहिणीकडे, खैरुन्निसाबींकडे, येऊन राहिले. शिकवायचा त्यांना मनापासून कंटाळा. सुभद्रानं दारच सोडलं नाही म्हणून शिकवत. पण या नवरात्रात त्यांनी सांगून टाकलं, की दसऱ्याला ये आणि एक सा लाव; गज पुरा होईपर्यंत टिकला तर पुढं शिकवीन, नाहीतर मलाही आता पुरे झालं. सरावासाठी स्वतःची सारंगीसुद्धा घरी नेऊ दिली. सुभद्राला वाटलं, आता काय, जिंकलंच.

आणि मधे आली खंडेनवमी.

तिचे वडील ज्योतीराम पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात फिटर. रात्रपाळी करून आले ते झोपलेच नाहीत. पाटावर नट आवळायचे पाने, कानशी, हातोडी मांडली, एकेक पुसून तेलाचं बोट फिरवलं, हळदकुंकू वाहिलं. सुभद्रा नळावरून पाणी घेऊन आली तर पाटावर हत्यारांच्या रांगेत सारंगी, तिच्यावर झेंडूचं फूल, आणि बाजूला गज. चकचकीत.

"तुजं हत्यार लई कोरडं पडलं हुतं सुभे," ते म्हणाले. "वर पांढरी भुकटी धरलेली. समदी पुसली आन् बारीक तेल दिलं. मशीनचं. आता बघ कसं चालतंय."

ती भुकटी राळेची होती. तिच्यामुळेच तर केस तारेला धरतात. सुभद्राच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण वडिलांचे डोळे जागरणानं तांबडे झालेले आणि चेहरा असा खुललेला, की ती नुसतं "बरं झालं" म्हणाली. ते झोपल्यावर तिनं केसांना राख चोळली, पीठ चोळलं, पदरानं पुसले. गज तारेवरून मुकाट घसरत राहिला, ओल्या साबणासारखा.

दसऱ्याला जाताना वाटेत तिनं तीन-चार थापा तयार केल्या. उंदराची त्यातल्या त्यात बरी होती. पण मीरासाहेबांनी गज हातात घेतला, नाकाशी नेला, आणि उंदीर तिथंच मेला.

"मी तेल लावलं," ती म्हणाली.

"हे घरातलं तेल नाही. कोणी लावलं?"

"बाबांनी. पूजेला."

ती ओरडा खायला तयार होऊन बसली. ओरडा आलाच नाही. उस्तादांनी गज मांडीवर ठेवला आणि ते भिंतीला टेकले. ओरडले असते तर बरं, असं तिला झालं. केस बदलावे लागतील, ते म्हणाले. मग बदला ना, असं तिनं म्हटलं, तेव्हा त्यांनी बोटं डोळ्यांसमोर धरून हलवली.

"मला दोरा दिसत नाही पोरी आता. कुणाला सांगू नको."

"मग मी बांधते. तुम्ही सांगा."

स्टेशनवरच्या टांग्यावाल्या इकबालभाईंकडं ती धावत गेली. त्यांच्या पांढऱ्या घोड्याची शेपूट मागितली, तर ते म्हणाले, मग माशा कोण हाकणार, तुझे उस्ताद? पण झुपका कापून दिला. मग रिठ्यानं धुणं, विंचरणं, एकेक तुटका केस काढणं. एक टोक बांधलं, की उस्ताद बोटांनी चाचपून म्हणत, डावीकडं ढिलं आहे, सोड. सोडलं. परत बांधलं. सोड. खैरुन्निसाबींनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. सुभद्राची बोटं दोऱ्यानं चिरली, मान अवघडली, आणि बाहेर सोनं वाटत फिरणाऱ्या मैत्रिणींचा आवाज आला तरी तिनं मान वर केली नाही. वर करायचा जीवच नव्हता.

उन्हं उतरली तेव्हा केस वाळले. तिनं राळ घासली, सारंगी छातीशी घेतली आणि सा लावला.

निम्म्यापर्यंत सूर सरळ गेला. मग तिचा दमलेला हात खाली आला, सूर कापला, आणि पुढं नुसती खरखर राहिली. तिनं गज खाली ठेवला. रडायलासुद्धा कंटाळा आला होता.

"तुटला," मीरासाहेब म्हणाले.

"हो."

"गज बरा बांधलास. एका बाजूनं अजून ढिला आहे. उद्या सोडून परत बांध." त्यांनी डोळे मिटले. ती हलली नाही, तसं ते म्हणाले, "आणि बापाला सांग, पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा म्हणावं."

पुढच्या वर्षी. हे डोक्यात शिरायला तिला बोळाच्या टोकापर्यंत जावं लागलं. तिथं ज्योतीराम सायकल धरून उभे होते. पाळीवर निघाले होते, पण जाता जाता थांबले होते.

"काय म्हनले उस्ताद?"

"उद्या बोलावलंय."

"बघ," ते म्हणाले, "तेलानं फरक पडतो."

फुलाचं सांगायला अख्खं वर्ष होतं. तिनं मान डोलावली आणि दुखरा हात दुसऱ्या हातात धरून घराकडं चालू लागली.