घोकून दिलेली परीक्षा

माझ्या बालमित्राचं, आल्रिकचं पत्र येऊन दीड वर्ष झालं. स्वीडनच्या गोटलंड बेटावर आमच्या आज्या जी बोली बोलायच्या, तिचे वाऱ्याचे, जाळ्यांचे, मेंढ्यांचे शब्द आता फार थोड्यांना येतात. ये, दोघं मिळून कोश करू, असं त्यानं लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. नेमके तेच शब्द मला सापडेनासे झाले होते, आणि तसं कळवायचा धीर होत नव्हता.

आरोग्य केंद्रात विसराळूपणाची चाचणी मी दोनदा दिली. दोन्ही वेळा तीसपैकी तीस. तिसऱ्यांदा बहीण गुनवोर बरोबर आली.

"शिरीन, याच्या मार्कांवर जाऊ नकोस," ती डॉक्टरला म्हणाली. "हा घोकून येतो!"

"म्हणजे?"

"चाचणीत विचारतात तसं रोज कॉफी पिताना शंभरातून सात-सात वजा करत बसतो. रद्दीत मला चाळीस घड्याळं सापडली, यानं काढलेली. सगळ्यांत अकरा वाजून दहा मिनिटं!"

माझे कान तापले. जन्मभर ग्रंथपाल होतो. परीक्षा म्हटली की तयारी करायची, एवढंच मला ठाऊक.

शिरीन खो खो हसली. "एवाल्ड, बाही वर कर. रक्त घेते. याची तयारी करून दाखव!"

एरवी या आजाराच्या तपासणीसाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढायला उपसालाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतात. इथं एक लहानशी नळी भरली आणि झालं.

नऊ दिवसांनी तिनं बोलावलं. या वेळी ती हसली नाही.

"अल्झायमरची सुरुवात दिसतेय. अगदी सुरुवात. उपसालाला पक्कं करून घेऊ, औषधाचंही तिथंच ठरेल."

"शब्द किती दिवस टिकतील?"

"तारीख नाही सांगता येणार. पण आज आहेत ना? मग वापर की!"

गुनवोरनं माझा हात घट्ट धरला. मला मात्र, सांगायला लाज वाटते, शब्द लिहून काढायला पळत सुटावंसं वाटत होतं. स्टॉपवर पोचेपर्यंत पाकिटाच्या पाठीवर बोलीतले अकरा शब्द लिहून झाले होते.

"अरे, बस गेली!"

"जाऊ दे! पेन धर, नाही, कागद धर, बारावा आला!"

"वेडा आहेस," ती डोळे पुसत म्हणाली, आणि तिनं कागद धरला.

कोपऱ्यावरच्या दुकानात पोस्टकार्ड आणि टपालाचं तिकीट घेतलं आणि तिथंच उभ्यानं लिहिलं: "आल्रिक, डॉक्टर म्हणते, अल्झायमरची सुरुवात आहे. सोमवारच्या बोटीनं येतो. अवघड शब्द आधी विचार." दुसऱ्यांदा वाचलं असतं तर खोडलं असतं. न वाचताच पिवळ्या टपालपेटीत टाकलं.