न्यालूची राहिलेली हाक

मी गरामुत बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. वीस वर्षं या वाचनालयाच्या जिन्याखाली झाडू-बादलीच्या शेजारी पडून आहे, कुणाला आठवण नव्हती. आता विद्यार्थी संघाला पन्नास वर्षं होतायत, तर यांना एकदम इतिहासाचा उमाळा आलाय. गेउआ नावाची पोरगी, संघाची चिटणीस, परवा वही घेऊन माझ्यापुढे मांडी ठोकून बसली.

"आजोबा, त्या सकाळचं कुणी बोलतच नाही हो," म्हणाली. "वर साहेबांना विचारलं तर म्हणाले, मला काही आठवत नाही, जा, त्या ओंडक्यालाच विचार."

ओंडका! बरं. विचारलंस ना, मग ऐक. मला शाळा नाही, गोड बोलता येत नाही. आणि ती पेन्सिल चावू नकोस.

माझा जन्म बालुआन बेटावरचा. गरामुत हे झाडाचंही नाव आणि त्याच्या ओंडक्यातून कोरलेल्या नगाऱ्याचं, म्हणजे माझंही. पोमात नावाच्या म्हाताऱ्यानं मला तोडलं, चार महिने वाकसानं आतून पोखरलं आणि अंगावर एक लांब फट ठेवली. चामडं नाही, दोरी नाही. नुसतं लाकूड आणि पोट. पोमात भयंकर तापट. काम करताना सुपारी चघळायचा, चुना चाटायचा आणि पचकन थुंकून मला दम द्यायचा, "माणूस खोटं बोलतो. भोंगा खोटं बोलतो. तू खोटं बोलायचं नाहीस. बोललास तर सरपणात घालीन."

आमच्या बेटावर गरामुताच्या हाका ठरलेल्या. तीन सांगतो, बाकीच्यांशी तुला कर्तव्य नाही. एक हाक संथ, गोल. 'सगळे या' म्हणजे धोका नाही, बायकापोरं घेऊन या. दुसरी तुटक. 'सांभाळून या' म्हणजे पुढे गडबड आहे, ज्याच्यात दम असेल त्यानंच यावं. तिसरी मयताची. ती गाववाल्यानं, नात्यातल्यानंच वाजवायची. ती वाजल्याखेरीज मेलेलं माणूस वाटेला लागत नाही.

पोमातचा मुलगा या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत आला, तेव्हा म्हाताऱ्यानं मला जहाजात घालून इकडे धाडलं. खाणावळीसमोरच्या शिरीषाखाली मला छप्पर मिळालं. संघानं नियमच करून टाकला: गरामुत वाजल्याशिवाय सभा नाही, आणि सभेत हजार डोकी भरल्याशिवाय ठराव नाही. पोरं कुठकुठल्या डोंगरांतली, बेटांवरची, शंभर भाषांची. पण माझ्या हाका सगळ्यांनी शिकून घेतल्या.

तीस वर्षं मी यांचं राजकारण ऐकलं. निवडणूक आली की प्रत्येक उमेदवार माझ्यावर हात ठेवून सांगायचा, खाणावळीच्या भातातले किडे घालवीन. किड्यांनी अध्यक्षांमागून अध्यक्ष बघितले. मतं द्यायची वेळ आली की आपल्या बोलीचा तो आपला, बाकी सगळे चोर. माझ्या अंगावर सुपारीच्या पिचकाऱ्या मारायचे, रताळी सोलून सालं माझ्या पोटात टाकायचे. तरी हाक दिली की यायचे. हातातलं ताट टाकून यायचे. मला तेवढं पुरे होतं.

त्यातल्या शेवटच्या वर्षांत पोमातचा नातू आला. किसोकाउ. त्याच्या मनगटात म्हाताऱ्याचं वजन होतं. वाजवताना डावा पाय जमिनीवर आपटायचा, धप. मी त्याला पायावरून ओळखायचो. खोटं कशाला सांगू, माझा जीव होता त्या पोरावर.

दोन वर्षांनी त्याच्याच गावची न्यालू आली, वैद्यकीच्या पहिल्या वर्गाला. अठरा वर्षांची, काटकुळी, जिभेला धार. दुपारी माझ्या अंगाला पाठ टेकून पुस्तक वाचायची.

"काय गं," किसोकाउ चिडवायचा, "अभ्यास चाललाय की आजोबांना पाठ घासून चकाकी आणतेस?"

"दादा, तू नापास झालास की तुझ्या काठ्या मला दे. तुझ्यापेक्षा बरं वाजवीन."

"बाई वाजवायला लागली तर पोमात थडग्यातून उठेल."

"उठू दे. तुझा निकाल त्यालाच दाखवते."

त्याच वर्षी विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी निवडून आलेला संघ बरखास्त केला. संघ आम्ही नेमू म्हणाले. पोरांनी वर्ग बंद पाडले. अध्यक्ष होता जोनास केरेंगा, डोंगराळ मुलखातला, आडदांड, आवाज भोंग्यासारखा. पाच आठवडे झाले. घरून पोरांना निरोप यायला लागले, परत या, वर्ष बुडेल. दोन सभा झाल्या, दोन्ही वेळा हजार भरले नाहीत. तिसऱ्या सभेत भरले नाहीत तर संपलं, दुसऱ्या दिवसापासून संघ कारभाऱ्यांच्या खिशात.

आदल्या दिवशी केरेंगाची माणसं मुलींच्या वसतिगृहापाशी भोंगा घेऊन ओरडत होती. न्यालू खिडकीतून म्हणाली, "घसा बसेल रे तुमचा. माझ्या बापानं मला बजावून पाठवलंय, गडबडीत जायचं नाही. उद्या आजोबा काय म्हणतात ते ऐकीन. 'सगळे या' म्हणाले तर येईन, नाहीतर बसेन पुस्तक घेऊन."

तिचं हे बोलणं सगळीकडे पसरलं. किसोकाउनंही ऐकलं, हसला.

सकाळी तो काठ्या घेऊन आला. मागोमाग केरेंगा धापा टाकत आला.

"किसो, सभेनंतरच्या मोर्चाला परवानगी नाही. फाटकावर बंदुका घेऊन माणसं उभी आहेत, मी आत्ता बघून आलो. 'सांभाळून या' वाजव."

"ती वाजवली तर दोनशे येतील."

"मग?"

"मग काय? पाच आठवडे पाण्यात. 'सगळे या' वाजवतो."

"अरे, पण तुझा आजा..."

"आजा मेला, जोनास. लाकडाला काय कळतंय?"

केरेंगानं त्याला अडवलं नाही.

आणि किसोकाउनं माझ्याकडून 'सगळे या' वदवून घेतलं. संथ, गोल. इतकं सुंदर त्यानं कधीच वाजवलं नव्हतं. मी लाकूड. मला नाही म्हणता येत नाही. ज्यानं मारलं त्याचं बोलणं माझ्या तोंडून निघतं, एवढीच माझी लायकी.

पोरं आली. दीड हजार आली. मुली आल्या, स्वयंपाकीणबाया आल्या, कडेवर मुलं घेऊन आल्या. न्यालू ओल्या केसांनी धावत आली, जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली आणि मैत्रिणीला म्हणाली, "चल गं, आजोबांनीच बोलावलंय, भीती नाही."

ठराव झाला. हात वर झाले. मोर्चा गाणी म्हणत फाटकाकडे गेला.

माझ्या जागेवरून फाटक दिसत नाही, पण आवाज सगळा पोटात येतो. आधी गाणं होतं. मग कुणीतरी दरडावलं. मग वाळकी फांदी मोडावी तसे आवाज, एकामागून एक. मग पाय, हजारो पाय, उलटे येणारे. बाया पोरांची नावं घेऊन हाका मारत होत्या. न्यालूला खाणावळीच्या पडद्यात घालून माझ्यासमोरून नेलं. नेणारे तिला "बोल, बोल" म्हणत होते. तिचा आवाज आला नाही.

पाचव्या दिवशी तिचा बाप बालुआनहून आला. माझ्या अंगावर हात ठेवून उभा राहिला. जाळी ओढून ओढून चरबरीत झालेला हात.

"किसोकाउ कुठाय?" त्यानं विचारलं. "आमचाच पोर आहे. मयताची हाक त्यानं वाजवावी. माझ्या लेकीला त्यानं बोलावलं, आता त्यानंच पोचवावं."

हाक खोटी होती हे बापाला माहीत नव्हतं. तो मानानं बोलत होता.

"काका, त्याला बरं नाही," कुणीतरी म्हणालं.

बरं नाही! समोरच्या वसतिगृहात, पन्नास पावलांवर, खिडकी लावून बसला होता. त्या बंद खिडकीमागे तो डावा पाय मागे-पुढे, मागे-पुढे फिरत होता, ते मला ऐकू येत होतं. दाराशी यायचा आणि थांबायचा. बाप दुपार कलेपर्यंत थांबला. मग हात काढून घेतला आणि लेकीला तशीच घेऊन गेला. हाकेविना.

पुढच्या सभेला दुसऱ्या एकानं मला वाजवलं. नीट वाजवलं. कुणी आलं नाही. चार कुत्री आली. खोटं बोललेल्याला कोण ओ देणार? वर्षभरानं छप्पर पाडलं आणि मला या जिन्याखाली सारलं. पोमात असता तर सरपणात घातलं असतं, तेच बरं झालं असतं.

आता माफीचं ऐक, लिहून घे. फाटकावरच्या बंदुकवाल्यांकडून मी अपेक्षाच केली नव्हती. कारभाऱ्यांनी फळ्यावर दोन ओळींचं दुःख चिकटवलं, ते पावसात गेलं. केरेंगा मात्र आला. आपल्या म्हाताऱ्यांना आणि भरपाईची डुकरं घेऊन बालुआनला गेला, न्यालूच्या बापासमोर जमिनीवर बसला, म्हणाला, मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. दुसऱ्याचं नाव त्यानं घेतलं नाही. परत येऊन माझ्यापुढे समेटाची लाल पानांची डहाळी ठेवली. "आजोबा, चुकलं." मला तो कधी आवडला नाही, पण त्याचं आणि माझं फिटलं.

राहिला एक. वर्षभर गावी राहिला, मग परत येऊन शिकला, मोठा झाला, इथंच नोकरीला लागला. विद्यार्थी कल्याणाचा अधिकारी! माझ्या बरोब्बर डोक्यावर त्याची खोली आहे. अकरा वर्षं मागच्या जिन्यानं येतो-जातो, या जिन्यावर एकदाही पाय ठेवला नाही. पण फरशी पातळ आहे, पोरी. फोनवर कुणाला रागावला की डावा पाय आपटतो, धप. मला कळतं.

म्हणून म्हणतो, मला पॉलिश नको, हार नको, तुमच्या समारंभात माझ्यावर रिबन बांधू नका. वही मीट आणि वर जा. त्या साहेबांना सांग, ओंडक्याला सगळं आठवतंय. काठ्या अजून माझ्या पोटात आहेत, कुणी नेल्या नाहीत. एकदा पुढच्या जिन्यानं खाली ये म्हणावं, न्यालूची हाक वाजव आणि तिच्या बापाला जाऊन सांग. म्हातारा अजून जिवंत आहे, अजून किनाऱ्यावर बसतो, असं बेटावरची पोरं सांगतात.

साहेब विचारतील, कुणाला बोलावलंय? हुद्दा सांगू नकोस. नाव सांग. पोमातचा नातू, किसोकाउ.