न फिरवलेला प्रोब

मी सोनोग्राफीच्या मशीनचा प्रोब. पोटावर गार जेल लावून फिरवतात, तो. माझ्या आवाजाचे पडसाद परत येतात आणि पडद्यावर पोटातल्या बाळाचं सुपारीएवढं हृदय उमटतं. ते नीट आवळतंय का, रक्त पुढे ढकलतंय का, एवढं दाखवणं माझं काम. ते मी नीट केलं का, ही शंका अजून पाठ सोडत नाही.

एकदा पुसताना सिस्टरच्या हातून मी फरशीवर पडलो. वरून ओरखडाही नाही, पण आतले एका कडेचे, आवाज सोडणारे नि टिपणारे काही स्फटिक मेले. तेव्हापासून चित्रात त्या बाजूला काळा पट्टा येऊ लागला. "म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय," डॉक्टरीणबाई हसून म्हणत आणि तेवढा भाग सोडून बघत. नवा प्रोब आज मागवू, उद्या मागवू, असंच चाललं. पट्ट्याची सगळ्यांना सवय झाली. मलाही.

मग ती आली. सहावा महिना, सोबत थोरली जाऊ. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. जाऊबाई तिला हसवत होत्या, की पोर बापावर गेलंय, हलायलाही मुहूर्त बघतंय. ती हसली, तसा पोटावर मीही हिंदकळलो.

बाळाच्या हृदयाचा डावा कप्पा जेमतेम आवळत होता. पट्टा नेमका त्याच्यावर पडला होता.

"इथं काळं का दिसतंय?" तिनं विचारलं.

"ते बाळाचं नाही हो, आमच्या म्हाताऱ्याचं दुखणं आहे. पंधरा दिवसांनी या."

मला उलटं फिरवलं असतं, तर पट्टा पलीकडे गेला असता आणि कप्पा उघडा पडला असता. अर्ध्या मिनिटाचं काम. बाहेर अकरा जणी ताटकळत होत्या.

पंधरा दिवसांनी बाळाच्या पोटात पाणी साठलेलं दिसलं. हृदय थांबलं होतं. बाईंनी तेव्हा मला फिरवलं, दोनदा. मग जुनं चित्र काढून बघत बसल्या. आधी कळतं तर औषध देऊन पाहता आलं असतं, हे त्यांनी लपवलं नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. जाऊबाई तिच्या पोटावरचं जेल पुसत राहिल्या. ते केव्हाच निघालं होतं.

आता मी खणात असतो. शिकाऊ डॉक्टर आले की बाई मला बाहेर काढतात. पट्टा कशाचा, असं कुणी विचारलं, तर आधी मला उलटं फिरवतात, मगच बोलतात.

माझ्यासारखा एखादा तुमच्या हाती आला, तर तुम्हीही तेवढं करा. मला स्वतःहून वळता येत नाही.